तिसरी मूठ

सुरुवातीलाच हात जोडते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत जेवढं कळत होतं तेवढंच आजही कळतं. हैदराबादला जामबागेतल्या मराठी शाळेत चार वर्षं काढली, मग आईला टायफॉइड झाला, घरात भाकरी थापायला कोणी नव्हतं, आणि माझी पाटी फळीवर गेली ती तिथेच राहिली. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतं आणि राखीच्या पाकिटावर पत्ता घालण्यापुरतं. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. मुलाच्या कॉलेजच्या वह्यांमधली कोरी पानं उरली होती, ती टाकवेनात. शिवणयंत्राचं झाकण लावलं की त्याचंच टेबल होतं, दुपारी घर रिकामं असतं, म्हणून बसते. कोणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात.

लिहावंसं वाटलं ते माझ्या सुनेमुळे. ती पुण्याची, इथे माधापूरला कंप्युटरच्या ऑफिसात आहे. मागच्या आठवड्यात तिने ओट्यावर काचेचा एक चपटा काटा आणून ठेवला. त्यावर वाटी ठेवते, वाटीत भात घालते, आकडा बघते, एक चमचा परत पातेल्यात टाकते. मला म्हणाली, "आई, हसू नका. वजन उतरवायचं तर काय खातो ते नीट मोजायलाच हवं." मी हसत नव्हते. मला माझी वहिनी आठवत होती, आणि आईचं पितळी मापटं.

तेव्हा मी अठराची होते. जामबागेच्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा व्हरांडा. बाबा बेगम बाजारात डाळीच्या ठोक दुकानात मुनीम होते. संध्याकाळी ते आले की त्यांच्या धोतराला तूर डाळीच्या भुशाचा वास यायचा, आणि शर्ट झटकला की व्हरांड्यात पिवळी धूळ उडायची. दादा आबिड्सला टीव्ही-फ्रिजच्या दुकानात सेल्समन होता. ते दिवसच तसे होते. दर महिन्याला गल्लीत काहीतरी नवीन यायचं. गच्चीवरून गच्चीवर केबलची काळी वायर गेली, कोपऱ्यावरच्या इराण्याकडे परदेशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या, आणि सुट्या पल्लीच्या तेलाऐवजी पिशवीतलं पांढरं तेल आलं. आम्ही शेंगदाण्याला पल्लीच म्हणत असू. सकाळी मशिदीतली बांग, मग दूधवाल्याची सायकल, मग कुकरच्या शिट्ट्या. लांब नामपल्लीहून गाडीची शिट्टी आली की आई म्हणायची, "साडेनऊ झाले, भात टाक."

भाताचं माप मात्र आईच काढायची. गावाकडून आणलेलं पितळी मापटं होतं, काठाला चेचलेलं. एक मापटं सपाट भरून परातीत ओतायचं, आणि त्यावर तीन मुठी. पहिली पाव्हण्याची, दुसरी वाटसरूची, तिसरी मुक्या जनावराची. हे ती पुटपुटत करायची, देवाचं नाव घ्यावं तसं. बीदरकडे आमची शेती होती तेव्हा घरात बैलजोडी, दोन गायी, एक कुत्रं, शिवाय ओसरीवर कोणी ना कोणी टेकलेलं. भात, वरण, भाकरीचे कुटके, काय उरेल ते गोठ्यातल्या घमेल्यात जायचं. शेत विकून बाबा शहरात आले. बैल गेले, गायी गेल्या, घमेलंही गेलं. तीन मुठी तेवढ्या राहिल्या.

जेवायला आधी बाबा आणि दादा बसायचे. मग आई, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी वहिनी. वहिनीचं ताट व्हायचं आणि तेवढ्यात आईचा आवाज यायचा, "सुमन, तेवढं आवरून घे गं." म्हणजे पातेल्यात जे उरलं असेल ते. आवरणं म्हणजे जेवणं नव्हे. झाडणं, पुसणं, भांडी घासणं, तसंच आवरणं. अन्न टाकलं तर लक्ष्मी रुसते हे मलाही पाठ होतं, वहिनीलाही. भांडी घासायला बसण्याआधी ती चुलीजवळ उकिडवी बसायची, पातेलं पुढ्यात ओढायची, भात वरणात कालवायची आणि चार-सहा घासांत ते पुसून काढायची. चव घेत आहे असं कधी दिसायचं नाही. डोळे भांड्यांच्या ढिगाकडे असायचे.

त्यात दादाने फ्रिज आणला. दुकानातूनच, हप्त्यावर, पगारातून कापून. लाल रंगाचा, दाराला चांदीची पट्टी. आईने त्याला हळदीकुंकू वाहिलं. गल्लीतल्या बायका बर्फ मागायला यायच्या आणि आई तो मोठ्या मानाने द्यायची. पण वहिनीचं काम त्याने वाढवलं. आधी उन्हाळ्यात रात्रीचं वरण सकाळी आंबायचं, नासलं की ते टाकायला परवानगी होती. आता काहीच नासेना. परवाची आमटी, कालची खिचडी, सणाची अर्धी पोळी, सगळं छोट्या वाट्यांत रांगेने उभं राहायचं आणि दुपारी वहिनीच्या ताटाशी यायचं. चार वर्षांपूर्वी नांदेडहून लग्न होऊन आली तेव्हा ती माझे ब्लाउज घालायची. आता तिचा ब्लाउज मीच दोन्ही बाजूंनी उसवून द्यायचे. शेजारची खाला म्हणायची, "तुम्हारी बहू को हैदराबाद का पानी रास आया जी." आई ते ऐकून खूश व्हायची. सून अंगाने भरली म्हणजे सासरची अब्रू.

एक दिवस वहिनीला चक्कर आली. घरात कोणी नव्हतं. मी तिला कोठी भागातल्या एका डॉक्टरीणबाईकडे नेलं. रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा बोलावलं, आणि मग बाईंनी चष्मा काढून सांगितलं की साखर काठावर आली आहे. वजन शहात्तर आहे, निदान पाच-सात किलो उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी या. तोवर उतरलं नाही तर गोळ्या सुरू करू. रस्त्यावर आल्यावर वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिच्या वडिलांना साखर होती. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. लग्नाआधी दोन वर्षं ती जखम तीच धुवायची.

"शकूताई, घरी सांगायचं नाही," ती म्हणाली. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, तरी नणंद म्हणून ती मला ताईच म्हणायची. "आत्याबाई म्हणतील, आजारी माणसाच्या घरची पोरगी करून आणली. ते ऐकायची माझी हिंमत नाही."

मी म्हटलं, "नाही सांगणार." मला न बोलणं सोपंच होतं. परक्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची. दुकानदाराला भाव विचारायचा तरी मी वहिनीला पुढे करायचे.

त्याच आठवड्यात पेपरात एक मोठी जाहिरात आली. हिमायतनगरला वजन उतरवायचं नवीन सेंटर निघालं होतं. तीन महिन्यांत दहा किलो, खात्रीशीर. फी पंधराशे रुपये. वहिनीने ते पान घडी करून पोलक्यात ठेवलं आणि दोन दिवस त्याबद्दल बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच माझी पेटी उघडली. मी साड्यांना फॉल लावून द्यायचे, हाताने, एका साडीला तीन रुपये. शिवणयंत्रासाठी तीन वर्षं साठवत होते. सोळाशे आणि वर काही सुटे होते. वहिनी म्हणाली, "हे मी फेडीन. तुमचे दादा फ्रिजचे हप्ते भरतात, त्यांना मागायचे नाहीत. मीच फेडीन." मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. यंत्र मी मनात खिडकीखाली ठेवून झालं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही देवळात जातो म्हणून निघायचो. खोटं नको म्हणून वाटेत मारुतीला खरोखर नमस्कार करायचो आणि मग बस धरायचो. सेंटरला काचेचं दार होतं, आत थंडगार. एका यंत्रावर उभं राहिलं की कमरेभोवतीचा पट्टा गदगदा हलायचा. वहिनी त्यावर उभी राहिली की पदर दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घ्यायची. मी भिंतीशी बसायचे. तिथल्या मॅडमनी इंग्रजीत छापलेला तक्ता दिला. वहिनी दहावी पास, तिने अक्षर लावून लावून तो वाचला. सकाळी कॉर्नफ्लेक्स, दुपारी दोन फुलके आणि उकडलेली भाजी, रात्री सूप. कॉर्नफ्लेक्सचं खोकं आम्ही लपवून आणलं. आईला ते सापडलं आणि तिला वाटलं मक्याचे पोहे. संध्याकाळी त्याचा पल्ली आणि कढीपत्ता घालून चिवडा झाला होता. बाबांना फार आवडला.

उकडलेला दुधी का खातेस म्हणून आईने विचारलं तेव्हा वहिनी गडबडली आणि म्हणाली, व्रत धरलंय. व्रत म्हटल्यावर आईला उत्साह आला. दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट मुठीने, तूप सोडलेलं. "व्रताला अंगात ताकद पायजे बाई," म्हणत तिने ताट पुढे ठेवलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. शेवटी तिने सांगितलं की या व्रताला साबुदाणा चालत नाही, फक्त दोन फुलके. आईला तसलं व्रत माहीत नव्हतं, पण सुनेचं माहेर नांदेडचं, तिकडे असेल काही, असं म्हणून तिने मानलं.

महिनाभर वहिनी दोन फुलक्यांवर राहिली. मी साक्षीला आहे. पुरणाच्या दिवशी पुरण खाल्लं नाही. दादाने मोठ्या हौसेने आणलेलं आइस्क्रीम तिने खालाच्या नातवाला दिलं. महिन्याच्या शेवटी सेंटरच्या काट्यावर उभी राहिली आणि काटा साडेसत्याहत्तरवर गेला.

मॅडमनी काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा उभं केलं. तेवढाच. तिथे आणखी तीन-चार बायका बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "देखो, मेरे चार्ट पे वजन बढ़ता नहीं. तुम घर में छुपके खा रहे."

"नहीं जी. दो फुलके खाती. देव की शपथ."

"सब यहीच बोलते. फिर हवा खाके बढ़ा क्या?"

एक बाई हसली. वहिनीचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ती रडत नव्हती, हनुवटी तेवढी हलत होती. आणि मला एकदम तिचं ते उकिडवं बसणं दिसलं, पुढ्यात ओढलेलं पातेलं, भांड्यांवरचे डोळे. मी उभी कधी राहिले मला आठवत नाही. आवाज माझाच होता, पण तो दुसरीकडून आल्यासारखा वाटला. "मॅडम, वहिनी चोरी नै करते. सब खाए बाद बचा सो खतम करते. फेकना नै ना."

मॅडमनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. मग वहिनीला म्हणाल्या, "ऐसा क्या? तो तुम घर की बहू हैं कि कचरे का डिब्बा?"

वहिनी काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. मी मागून पळाले. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. कोठीला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "चार बायकांत माझी लाज काढलीत, शकूताई. बाहेरच्यांपेक्षा ते तुमच्याकडून जास्त लागलं." सेंटरला ती पुन्हा गेली नाही. उरलेली फी परत मिळत नाही असं पावतीवरच छापलं होतं.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी पाणी भरायचे, ती भाजी चिरायची, मध्ये कुकर बोलायचा. मला वाटायचं, एवढी वर्षं गप्प राहिले आणि तोंड उघडलं ते तिलाच दुखवायला. आजही कोणाला काही सांगायचं झालं की आधी ते चार दिवस आठवतात.

पाचव्या दुपारी मी व्हरांड्यात फॉल लावत होते. आतून तिने हाक मारली, "शकूताई, जरा येता?" तिच्या पुढ्यात एक ताट होतं. आवरायचं होतं ते सगळं तिने, न खाता, त्या एका ताटात वाढून ठेवलं होतं. दोन डाव भात, त्यावर कालची खिचडी, दादाने अर्धी सोडलेली भाकरी, वाटीभर वरण, परवाच्या वांग्याच्या भाजीतलं तेल. ताट गच्च भरलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती.

"हे माझ्या जेवणाच्या दुप्पट आहे," ती म्हणाली. "रोज. आणि मी देवाची शपथ घेतली."

मी तिच्याशेजारी बसले. टाकायचं म्हटलं तर आम्हा दोघींचा हात होईना. गल्लीत गाय यायची ती सोमवारी. शेवटी ते ताट खालाच्या शेळीला दिलं, पण रोज कसं देणार? मी विचार केला, उरल्यावर काय करायचं हे आपल्या हातात नाही. उरूच नये, एवढं मात्र होईल. माप आई काढायची, पण तांदूळ धुवायचे मी.

दुसऱ्या दिवसापासून मोरीत तांदूळ नेताना मी त्यातली एक मूठ काढून घ्यायला लागले. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा होता, तो फॉलच्या कापडांमागे ठेवला. आधी तिसरी मूठ, मुक्या जनावराची. आठ दिवस कोणाला काही कळलं नाही, म्हणून वाटसरूची. मग धीर करून पाव्हण्याची. कालवणात वहिनीने पाणी आणि डाळ कमी केली. पातेल्याचा तळ दिसायला लागला. सकाळी देवळाच्या नावाने निघायचो ते आता खरंच चालायचो, नामपल्ली स्टेशनपर्यंत जाऊन परत. स्टेशनच्या दाराशी रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. रुपया टाकला की चाक फिरायचं, दिवे लुकलुकायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. शहात्तर, आणि मागे, आपको शीघ्र धनलाभ होगा. पंचाहत्तर, आपकी समुद्रयात्रा का योग है. वहिनी ती तिकिटं कुंकवाच्या डब्यात ठेवायची. समुद्रयात्रेवर आम्ही आठवडाभर हसलो.

दोन फुलक्यांचा तक्ताही तिने फाडला. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर डाळ, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, मूठभर भात, ताक. आपलंच रोजचं जेवण, एकदाच वाढून घेतलेलं. त्याने तिची भूक भागायची आणि दुपारी चक्कर यायची नाही. माझी सून हल्ली जे मोठ्या कष्टाने पुस्तकं आणि मोबाइल बघून करते, ते यापेक्षा फार वेगळं आहे असं मला वाटत नाही. तिला काटा आहे, आम्हाला मूठ होती.

आणि मग पाव्हणा आला. बाबांचे चुलतभाऊ नामदेवकाका, गावाहून कोर्टाच्या कामाला, सोबत थोरला मुलगा. दुपारी दीड वाजता, आम्ही तिघींनी जेवून भांडी मोरीत टाकली होती. आई हसत उठली, "या या, हात धुवा, जेवण तयार हाय," म्हणाली आणि पातेल्याचं झाकण काढलं. आत काही नव्हतं. तिने दुसरं झाकण काढलं. मग फ्रिज उघडला. फ्रिजमध्ये दूध, दही आणि कोथिंबीर.

आईचा चेहरा पांढरा पडला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या दारी पाव्हणा आला आणि पातेलं रिकामं असं घडलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी तीन मुठी घातल्या व्हत्या. मापाला हात कुणी लावला?"

वहिनी पुढे होणार होती. मी तिच्या आधी गेले, कापडांमागचा डबा आणला आणि आईसमोर ठेवून झाकण काढलं. डबा काठोकाठ भरला होता. "मी काढत होते," मी म्हटलं. "रोज."

आई डब्याकडे बघत राहिली. बाहेर काका खाकरत होते. वहिनीने तेवढ्यात स्टोव्ह पेटवला, एका हाताने पीठ मळायला घेतलं, मला म्हणाली, "शकूताई, कांदा चिरा." अर्ध्या तासात पिठलं, गरम भाकऱ्या, लसणाची चटणी. काका जेवायला बसले. तव्यावरची तिसरी भाकरी पानात पडली तेव्हा ते आईला म्हणाले, "वैनी, राग मानू नका, पर एक बोलू का? तुमच्याकडं ईस वर्स येतो. दर येळी सकाळचा गार भात वाढता. म्या म्हनायचो, शहर हाय, बायांना येळ नसतो. आज पयल्यांदा वाटलं, माझ्यासाठी कुनी चूल पेटवली."

आईने त्यांच्या पानात तूप वाढलं, पुन्हा वाढलं.

ते गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता सांगा." वहिनीने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, साखर, वडिलांचा पाय, देवळाचं खोटं, माझे पंधराशे, मॅडमचं कचऱ्याच्या डब्याचं बोलणं. शेवटी कुंकवाचा डबा उघडून तिकिटं पुढ्यात मांडली. आईला वाचता येत नव्हतं. तिने एकेक तिकीट उचलून पाहिलं, जणू पाहूनच कळेल. "आजारी माणसाच्या घरची" या शब्दांची आम्ही दोघी वाट बघत होतो, ते आले नाहीत. शेवटचं तिकीट खाली ठेवून ती म्हणाली, "माझी सासू मला म्हनायची, पारू, तेवढं घमेल्यात टाक. मी तुला म्हनले, सुमन, तेवढं आवरून घे." एवढंच. मग उठून पाणी प्यायला गेली, आणि मोरीपाशी बराच वेळ उभी होती.

त्या रात्री बाबा आणि दादा जेवून उठल्यावर आईने तीन ताटं मांडली. वहिनी चुलीपाशीच घुटमळत होती. आई म्हणाली, "बस की. का आता निमंत्रन देऊ?" आम्ही तिघी पहिल्यांदा एका ओळीत जेवलो. पातेल्यात दोन घास भात उरला, त्याचे आईने तीन भाग केले. माझ्या वाट्याला चिमूटभर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मापटं भरलं, हाताने सपाट केलं, मूठ भरून घेतली आणि तशीच थांबली. मग ती मूठ परत पोत्यात सोडली. "पाव्हना आला तर त्याला ताजं करू," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. पुढे कितीतरी दिवस तिचा हात तिथे येऊन थांबायचा.

तीन महिने झाल्यावर डॉक्टरीणबाईंकडे आईही आली. नवी साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. वजन एकाहत्तर. साखर काठाच्या अलीकडे. बाई म्हणाल्या, "गोळी नको. जे करत आहात तेच करत राहा." आईने त्यांना विचारलं, "माझ्यामुळं झालं व्हतं का वो?" बाईंना मराठी येत नव्हतं. वहिनीने ते सांगितलं नाही. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "चला आत्याबाई, बस चुकेल." वहिनी आता साठीच्या जवळ आहे, दोन्ही पायांवर चालते, आणि मला फोनवर अजून शकूताईच म्हणते.

माझ्या पैशांचं राहिलं. बाबा एक दिवस चकित होऊन म्हणाले की अर्धं पोतं तांदूळ दहा दिवस जास्त पुरला, तेलही उरलं, दुकानदाराने माप चुकवलं की काय. आईने त्यांना काही सांगितलं नाही. वाचतील तेवढे पैसे ती महिन्याच्या शेवटी वहिनीच्या हातात द्यायची आणि वहिनी ते तसेच माझ्या हातात द्यायची. कधी नव्वद, कधी सव्वाशे. मी नको म्हटलं की ती म्हणायची, "तुम्ही यंत्र घेईपर्यंत मला झोप नाही." वर्ष उलटून गेलं. तेराशे फिटले. मग लागोपाठ सणवार आले, घरात पाव्हणे राहिले, दोन महिने काहीच वाचलं नाही, आणि वहिनीने गळ्यातलं माहेरचं डोरलं मोडायचं मनात आणलं. ते तिने मला सांगितलं, आणि तेव्हा आई भिंतीपलीकडे मेथी निवडत होती.

दुसऱ्या दुपारी मी व्हरांड्यात एकटी होते. आई आली, शेजारी बसली. कमरेचा बटवा सोडला. त्यात तिने भाऊबीजेचे, ओवाळणीचे, कधीकधीचे साठवलेले पैसे होते, काही नोटा इतक्या जुन्या की घडीवर विरलेल्या. तिने त्या एकेक करून माझ्या फॉलच्या कापडावर ठेवल्या. मी म्हटलं, "आई, हे वहिनी देणार आहेत."

"तिनं तिचं दिलं," आई म्हणाली. "हे माझ्याकडं लागत व्हतं."

तिला मोजता यायचं नाही, म्हणून मीच तिच्यासमोर मोठ्याने मोजले. दोनशे झाले. पंधराशे पूर्ण फिटले.